विश्लेषण : केकवरची चेरी खरी की करवंद? गोड चेरीच्या जातींत फरक काय? घोडेगाव परिसरात ती पिकेल का?

मे महिन्याच्या उत्तरार्धात दोन फळे जवळपास एकाच वेळी बाजारात येतात. पुण्याच्या मार्केट यार्डात काश्मीरहून आलेल्या गोड चेरीचे छोटे खोके उघडू लागतात. त्याच दिवसांत घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात काळी करवंदे विकायला बसलेल्या बायका दिसतात. चेरी महाग आणि तोलूनमापून मिळते, करवंद द्रोणावर स्वस्तात जाते. मात्र वाढदिवसाच्या केकवर, आइस्क्रीमवर किंवा मसाला पानात जी लालभडक ‘चेरी’ असते ती भारतात बहुतेक वेळा काश्मीरच्या बागेतली नसते. ती रंगवून साखरेत मुरवलेले करवंद असते.

चेरी या एका नावाखाली नेमकी कोणती फळे विकली जातात, खऱ्या गोड चेरीच्या जातींत फरक काय आणि आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याने चेरीचे रोप विकत घेण्याआधी काय तपासावे, याविषयी.

चेरी म्हणून किती फळे विकली जातात?

आपल्याकडे निदान चार वेगवेगळी फळे चेरी या नावाने ओळखली जातात. पहिली, खरी गोड चेरी. तिचे शास्त्रीय नाव प्रुनस एव्हियम. सफरचंद, बदाम, पीच आणि गुलाब यांच्या कुळातले हे थंड प्रदेशातले झाड आहे. दुसरी, बेकरीची चेरी, म्हणजे करवंद. तिसरी, रोपवाटिकांत मिळणारी बार्बाडोस चेरी. आंबट चवीचे हे फळ क जीवनसत्त्वासाठी प्रसिद्ध आहे. चौथी, रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांच्या आवारात दिसणारी सिंगापूर चेरी. मऊ, गोड, मण्याएवढ्या लाल फळांचे हे झाड पाखरांचे आणि वटवाघळांचे आवडते असते.

ही चारही झाडे वेगवेगळ्या कुळांतली आहेत. त्यांची चव, हवामानाची गरज आणि बाजारातील किंमत यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाव मात्र एकच असल्याने गिऱ्हाइकाचा आणि शेतकऱ्याचा, दोघांचाही गोंधळ होतो.

गोड चेरी म्हणजे नेमके कोणते फळ?

खऱ्या चेरीतही दोन मुख्य गट आहेत, गोड आणि आंबट. आंबट चेरी युरोप-अमेरिकेत मुरांबे, पाय आणि रसासाठी वापरतात. ताजी खायची ती गोड चेरी. एका फळात एकच टणक बी असते आणि लांब हिरवा देठ असतो. ताज्या चेरीच्या १०० ग्रॅम गरात साधारण १३ ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात व सुमारे ६३ कॅलरी ऊर्जा मिळते.

जगात चेरीच्या उत्पादनात तुर्कस्तान आघाडीवर आहे. भारतात या फळाचा मोठा वाटा काश्मीर खोऱ्यातून येतो. त्याखालोखाल हिमाचल प्रदेशात, विशेषतः सिमला जिल्ह्यातील नारकंडा-कोटगढच्या उंच पट्ट्यात, चेरीच्या बागा आहेत.

आंबा किंवा केळ्याप्रमाणे चेरी अढीत पिकत नाही. झाडावरून तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच राहते. त्यामुळे फिकी चेरी घरी आणून ‘चार दिवसांत पिकेल’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. तोडणीची वेळ आणि जात या दोनच गोष्टींवर तिची चव ठरते.

काश्मिरी चेरीत कोणते प्रकार येतात?

काश्मीरमधील तोडणी मेच्या मध्यापासून सुरू होते आणि जातींनुसार जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते. सर्वांत आधी येणाऱ्या चेरीला तिथे ‘अव्वल नंबर’ म्हणतात. हंगामातील पहिले फळ म्हणून तिला मागणी असते. मात्र लवकर येणाऱ्या जाती साधारणतः लहान आणि मऊ असतात.

त्यानंतर ‘मखमली’, ‘मिश्री’ आणि ‘डबल’ ही नावे ऐकू येतात. मखमली नावाप्रमाणेच मऊ आणि रसाळ असते. खायला चांगली, पण लांबच्या प्रवासात दबते. मिश्रीचा गर तुलनेने घट्ट आणि गोडी जास्त. २०२१मध्ये श्रीनगरहून दुबईला चेरीची पहिली व्यापारी खेप गेली ती मिश्रीचीच. डबल आकाराने मोठी, रंगाने गडद आणि सालीने जाड असल्याने दूरच्या बाजारपेठांसाठी सोयीची असते.

काश्मीर ते महाराष्ट्र हे अंतर हाच या फळाच्या किमतीतला मोठा घटक आहे. शून्य अंशाच्या जवळपासचे तापमान आणि भरपूर आर्द्रता मिळाली तर गोड चेरी दोन ते तीन आठवडे टिकते. उघड्या ट्रकमध्ये तीच काही दिवसांत मान टाकते. जून २०२५मध्ये जम्मूतील कटरा येथून मुंबईला रेल्वेच्या पार्सल डब्यातून चेरी आली, त्यामागचे कारण हेच. वाटेतला एकेक दिवस वाचला की तेवढे नासके फळ कमी होते.

बिंग, रेनियर, लॅपिन्स यांत फरक काय?

मोठ्या शहरांतील मॉलमध्ये आणि ऑनलाइन दुकानांत आयात चेरी मिळते. तिच्या खोक्यावर बऱ्याचदा जातीचे नाव छापलेले असते.

बिंग : अमेरिकेतील सर्वांत परिचित जात. ऑरेगन राज्यात १८७५मध्ये सेथ लुएलिंग यांच्या बागेत ती तयार झाली. बागेतील चिनी मुकादम आह बिंग यांचे नाव तिला मिळाले. रंग जवळजवळ काळसर लाल, गर घट्ट, गोडी भरपूर. तोटा एकच, पिकण्याच्या वेळी पाऊस झाला की फळ लवकर तडकते.

रेनियर : पिवळ्या सालीवर लाल लाली असलेली चेरी. बिंग आणि व्हॅन या दोन लाल जातींच्या संकरातून १९५२मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ती तयार झाली. आंबटपणा कमी असल्याने ती इतरांपेक्षा गोड लागते. साल नाजूक असते, हात लागला तरी तपकिरी डाग उठतात. म्हणून ती नेहमी महाग. पिवळी दिसते म्हणून ती कच्ची समजू नये.

स्टेला : १९६८मध्ये कॅनडात प्रसारित झालेली जात. गोड चेरीची बहुतेक झाडे स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, शेजारी दुसऱ्या योग्य जातीचे झाड लागते. बिंग आणि लॅम्बर्ट या दोन जाती तर एकमेकींनाही चालत नाहीत. स्टेलाने ही अडचण सोडवली. एकटे झाडही फळ देऊ लागले. हिमाचलमध्येही ही जात लावली जाते.

लॅपिन्स : व्हॅन आणि स्टेला यांचा संकर. मोठे, घट्ट, गडद लाल फळ. तीही स्वतःच्या परागाने फळ धरते आणि पावसात बिंगपेक्षा कमी तडकते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात हिची मोठी लागवड आहे.

रेजिना : जर्मनीत विकसित झालेली, उशिरा येणारी जात. तडकण्याला चांगला प्रतिकार करते आणि प्रवासात टिकते. मात्र तिला परागासाठी दुसऱ्या जातीची सोबत लागते.

या यादीत पुन्हा पुन्हा येणारा शब्द म्हणजे तडकणे. पिकत आलेल्या फळावर पाऊस पडला की सालीतून पाणी आत शिरते, गर फुगतो आणि साल फाटते. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातील द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. ऐन काढणीच्या वेळी आलेल्या अवकाळीने मण्यांना जे होते, तेच चेरीला होते. म्हणून गेल्या शंभर वर्षांत चेरीच्या नव्या जाती निवडताना गोडीइतकेच सालीकडे लक्ष दिले गेले.

विकत घेताना काय पाहावे?

पहिली खूण देठाची. देठ हिरवा आणि लवचिक असेल तर फळ ताजे. तो तपकिरी आणि वाळका असेल तर फळाला बरेच दिवस झालेले असतात. दुसरी खूण सालीची. ती ताणलेली आणि चकचकीत असावी, सुरकुतलेली नसावी. तिसरी, खोक्याच्या तळाशी ओल किंवा रसाचे डाग नसावेत. लाल जातींत रंग जितका गडद तितकी गोडी साधारणतः जास्त. पिवळ्या रेनियरला हा नियम लागू नाही.

खोक्यावर मिलिमीटरमध्ये आकडा असेल तर तो फळाचा व्यास असतो. २८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे फळ वरच्या दर्जाचे मानले जाते. मोठे फळ म्हणजे जास्त गर, पण जास्त गोडी असेलच असे नाही. द्राक्षाप्रमाणे चेरीचीही गोडी ब्रिक्समध्ये मोजतात. चांगल्या चेरीत ती साधारण १६ ते २० असते.

हंगामही तपासावा. मे ते जुलैत मिळणारी चेरी काश्मीर, हिमाचल, तुर्कस्तान किंवा अमेरिकेची असू शकते. डिसेंबर-जानेवारीत ‘ताजी काश्मिरी चेरी’ असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. त्या काळात काश्मीरमधील झाडे पानगळ होऊन बर्फात उभी असतात. तेव्हाची ताजी चेरी चिली, ऑस्ट्रेलिया अशा दक्षिण गोलार्धातील देशांतून आलेली असते.

घरी आणल्यावर चेरी न धुता फ्रिजमध्ये ठेवावी, खाण्याआधीच धुवावी. बी चावू नये, त्यातील घटकांपासून विषारी सायनाइड तयार होऊ शकते. लहान मुलांना बी काढूनच द्यावी.

केकवरची चेरी करवंदापासून कशी बनते?

साखरेत मुरवलेली चेरी ही कल्पना युरोपातली. तिथे आणि अमेरिकेत यासाठी खरी चेरीच वापरतात. आज परिचित असलेली, आधी खारवून रंग घालवायचा आणि मग पुन्हा रंगवायचे, ही पद्धत १९२०च्या दशकात ऑरेगनमधील कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट विगँड यांनी बसवली. भारतात चेरी महाग आणि दुर्मीळ. करवंद मात्र मुबलक, आकाराने जवळपास तेवढेच आणि गराने घट्ट. त्यामुळे इथल्या प्रक्रिया उद्योगाने करवंद उचलले. कच्च्या पपईपासून टुटीफ्रुटी बनते, तशीच ही गोष्ट.

यासाठी पिकलेले काळे करवंद चालत नाही, ते मऊ पडते. पूर्ण वाढलेले पण न पिकलेले, हिरवट-गुलाबी फळ लागते. ते धुऊन मिठाच्या आणि सल्फर डायऑक्साइडच्या द्रावणात ठेवतात. त्यात गर घट्ट राहावा म्हणून कॅल्शियमचा क्षारही घालतात. या द्रावणात करवंदाचा चीक, तुरटपणा आणि मूळ रंग निघून जातो, फळ पांढुरके होते. मग चीर देऊन बिया काढतात, पाण्यात धुतात, रंगात उकळतात आणि साखरेच्या पाकात टाकतात. पाक एकदम दाट केला तर फळ सुरकुतते. म्हणून रोज थोडी साखर वाढवत तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत नेतात.

शेवटी हातात येते ते फळ दिसायला चेरी, चवीला साखर. करवंदाचा आंबटपणा आणि वास त्यात जवळपास उरत नाही.

ही फसवणूक आहे का? रंगाचे काय?

करवंदापासून अशी चेरी बनवणे बेकायदा नाही. पाकीटबंद मालावर घटक लिहिणे मात्र बंधनकारक आहे आणि जो घटक जास्त तो आधी लिहावा लागतो. बेकरीच्या चेरीचा डबा उलटून पाहिला तर त्यावर बहुधा करवंदाचे ‘करोंदा’ हे हिंदी नाव सापडते. समोर ‘चेरी’ आणि मागे ‘करोंदा’, असा हा मामला असतो. सुट्या मालात मात्र हे कळायला मार्ग नसतो.

लाल रंगासाठी एरिथ्रोसिन हा रंग वापरला जातो. लेबलवर तो १२७ या क्रमांकाने लिहिलेला असतो. आम्लयुक्त फळात तो गरातच घट्ट बसतो, पांढऱ्या क्रीमवर ओघळत नाही, म्हणून बेकरीवाल्यांना तो सोयीचा. भारतात त्याला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५मध्ये अन्नपदार्थांतील याच रंगाची परवानगी मागे घेतली आणि उद्योगाला जानेवारी २०२७पर्यंत मुदत दिली. उंदरांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने कर्करोग आढळल्यामुळे तिथल्या कायद्यानुसार ही कारवाई झाली.

यापेक्षा मोठा धोका परवानगी नसलेल्या रंगांचा. कापड रंगवण्याचा ऱ्होडामाइन-बी हा रंग खाण्यात वापरायला बंदी आहे. तरी तो काही ठिकाणी मिठाईत सापडतो. २०२४मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने ‘बुढ्ढी के बाल’मधील या रंगाविरोधात कारवाई केली होती. म्हणून बिनलेबलची, डोळ्यांत भरणाऱ्या गुलाबी रंगाची सुटी चेरी टाळलेली बरी.

घोडेगाव-जुन्नर भागात गोड चेरी का पिकत नाही?

गोड चेरीचे झाड हिवाळ्यात झोपी जाते. पुरेशी थंडी मिळाली तरच त्याचे डोळे नीट जागे होऊन फुलतात. ही थंडी तासांत मोजतात. साधारणतः शून्य ते सात अंश सेल्सियस या दरम्यान गेलेले तास धरले जातात. त्यांना ‘चिलिंग अवर्स’ म्हणतात. गोड चेरीच्या बहुतेक जातींना ७०० ते १२०० तास लागतात.

९०० तास म्हणजे सलग साडेसदतीस दिवस, दिवसरात्र सात अंशांच्या खालची थंडी. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो, पण दुपारी ऊन चटके देते. समजा, हिवाळ्यात वीस रात्री प्रत्येकी तीन तास पारा सात अंशांखाली राहिला, तरी हिशेब ६० तासांवर थांबतो. शिवाय दुपारची ऊब रात्री मिळालेल्या थंडीचा काही परिणाम पुसून टाकते.

थंडी अपुरी पडली की झाड मरतेच असे नाही. ते वाढते, पाने येतात, पण फुले तुरळक आणि पुढेमागे येतात, फळधारणा होत नाही. यातच फसगत होते. रोप हिरवेगार दिसते म्हणून शेतकरी चार-पाच वर्षे खत-पाणी घालत राहतो आणि मग कळते की बहर धरतच नाही.

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावून डोळे फोडतात, तसे चेरीला करता येणार नाही का, हा प्रश्न या भागात साहजिक आहे. चेरी उत्पादक देशांत हे रसायन वापरले जाते. पण ते कमी पडलेल्या थंडीची थोडीफार भरपाई करते, पूर्ण थंडीची जागा घेत नाही. कमी थंडीवर येणाऱ्या ‘रॉयल ली’ आणि ‘मिनी रॉयल’ या जाती कॅलिफोर्नियात तयार झाल्या आहेत. त्यांनाही काही शे तास थंडी लागते आणि परागासाठी त्या दोघी एकत्र लावाव्या लागतात.

सफरचंदाचा दाखला अनेकदा दिला जातो. हिमाचलमधील हरिमन शर्मा यांनी निवडलेली एचआरएमएन-९९ ही सफरचंदाची जात उष्ण भागांत फळे देते आणि महाराष्ट्रातही तिची लागवड झाली आहे. मात्र एका फळाच्या एका जातीला जमले म्हणून दुसऱ्या फळाला जमेल असे नसते. उष्ण हवामानात व्यापारी उत्पन्न देणारी गोड चेरीची जात आज शेतकऱ्याच्या हाती नाही.

मग ऑनलाइन विकली जाणारी ‘चेरीची रोपे’ कोणती?

‘महाराष्ट्राच्या हवामानात येणारी चेरी’ म्हणून विकले जाणारे रोप बहुधा बार्बाडोस चेरी, सिंगापूर चेरी किंवा सुरीनाम चेरीचे असते. सुरीनाम चेरी जांभळाच्या कुळातली, तिच्या फळावर भोपळ्यासारख्या उभ्या धारा असतात. ही झाडे परसात लावायला चांगली आहेत. पण काश्मिरी चेरीचा बाजारभाव डोळ्यांसमोर ठेवून एकरभर लावण्यासाठी ती नाहीत. फळे फार नाजूक आणि बाजार मर्यादित.

रोप घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. शास्त्रीय नाव काय? जातीचे नाव काय आणि तिला किती तास थंडी लागते? परागासाठी दुसरी जात लागते का? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळत नसतील आणि फोटो मात्र लालगडद बिंग चेरीचा दाखवला जात असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

करवंदातही जाती असतात का?

असतात. डोंगरातील करवंदाच्या जाळ्या बियांपासून आपोआप उगवलेल्या असल्याने प्रत्येक जाळीचे फळ थोडे वेगळे. कुठे लहान आणि आंबट, कुठे टपोरे आणि गोड. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा मुलांचा खेळ याच फरकावर चालतो. कोणत्या टेकाडावरची जाळी गोड हे गावातल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते.

संशोधन संस्थांनी यातूनच निवड करून जाती दिल्या आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जात त्यातलीच. उत्तराखंडमधील पंतनगर विद्यापीठाने ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्ण’ या जाती दिल्या. मनोहर आणि सुदर्शन यांची फळे पांढुरकी, गुलाबी छटेची, तर सुवर्णची हिरवट, तपकिरी छटेची.

उपयोग वेगळा तशी जातही वेगळी लागते. ताजे खायला आणि सरबताला काळे, गोड, रसाळ फळ हवे. लोणच्याला कच्चे आंबट. जेलीला आंबट आणि पेक्टिन भरपूर असलेले. बेकरीच्या चेरीला एकसारख्या आकाराचे, घट्ट गराचे आणि कमी बियांचे. डोंगरातून आणलेल्या पाटीत हे सगळे मिसळलेले असते, म्हणून प्रक्रिया उद्योग लागवडीच्या फळाला पसंती देतो.

करवंदाला थंडीचे तास लागत नाहीत, खडकाळ जमीन चालते, काट्यांमुळे गुरे तोंड लावत नाहीत. बांधावर कुंपण म्हणून लावले तरी फळ मिळते. म्हणजे चेरीच्या रोपाला जे इथे जमत नाही, ते करवंदाला मुळातच जमते.

डोंगरातील कुटुंबांसाठी याचा अर्थ काय?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्यालय आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे ठिकाण. तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यांत आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची गावे आहेत. पावसाळ्यापूर्वीच्या दोन महिन्यांत हिरडा आणि करवंद यांतून हाती येणारा पैसा खरिपाच्या तयारीला लागतो.

करवंदाची अडचण टिकण्याची आहे. पिकलेले फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते आणि पहिला पाऊस झाला की हंगाम संपतो. त्यामुळे विकणाऱ्याला भाव धरून बसता येत नाही, संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी करावीच लागते. काट्यांतून हात ओरबाडून घेत वेचलेल्या फळाची किंमत रस्त्यावर थांबणारा पर्यटक ठरवतो.

प्रक्रियेने हा हिशेब बदलतो. न पिकलेले करवंद खारवून ठेवले तर ते काही महिने टिकते. त्यासाठी मोठा कारखाना लागत नाही. झाकणाचे अन्नयोग्य पिंप, मीठ, मोजून घातलेले परिरक्षक आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर पहिला टप्पा होतो. पुढचे रंगवणे आणि पाकात मुरवणे यंत्रसामग्री असलेल्या उद्योगाकडे सोपवता येते. रंग टाळायचा असेल तर जॅम, जेली, सरबत आणि लोणचे हे मार्ग आहेतच. त्यांत करवंद आपल्या नावाने विकता येते.

यासाठीच्या योजना अस्तित्वात आहेत. वन हक्क कायदा, २००६ने वनहक्कधारकांना गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. २०१८मध्ये सुरू झालेल्या वन धन योजनेत वनोपज वेचणाऱ्यांच्या गटांना प्रशिक्षण व साहित्याची तरतूद आहे. २०२०मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी मात्र घ्यावीच लागते आणि परिरक्षकाचे प्रमाण चुकून चालत नाही.

एक खबरदारीही हवी. सगळीच फळे कच्ची तोडली तर पिकलेल्या करवंदाचा बाजार जातो, बी पडत नाही आणि पाखरांनाही काही उरत नाही. भीमाशंकरच्या अभयारण्यालगत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. म्हणून कच्च्या फळासाठी बांधावरची लागवड आणि पिकलेल्या फळासाठी डोंगरातील जाळ्या, अशी विभागणी सोयीची ठरू शकते.

थोडक्यात…

- काश्मिरी चेरी मे-जूनमध्ये, हिरव्या देठाची घ्यावी. लगेच खायला मखमली, चार दिवस ठेवायला मिश्री किंवा डबल.
- पिवळी-लाल रेनियर कच्ची नसते. ती गोड पण नाजूक जात आहे.
- बेकरीची चेरी बहुधा करवंद असते. डब्यामागचे घटक आणि रंगाचा क्रमांक वाचावा.
- गोड चेरीला शेकडो तास थंडी लागते. आंबेगाव-जुन्नरमध्ये ती मिळत नाही.
- रोप घेताना शास्त्रीय नाव, थंडीचे तास आणि परागाची सोय हे लेखी मागावे.
- करवंद इथे येतेच. प्रश्न ते पिकवण्याचा नाही, टिकवण्याचा आणि योग्य नावाने विकण्याचा आहे.